कागदाला सहा दिवस, पोराला दोन

(नागपुरात ट्रक ड्रायव्हरांच्या घरातल्या बायका आणि वस्त्यांमधल्या महिला गटांच्या कार्यकर्त्या यांची एकत्र बैठक झाली. त्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मघाशी चहाच्या वेळी एका कार्यकर्तीने मला विचारलं, "ताई, ड्रायव्हरच्या ट्रेनिंगवर बोलायला आरटीओचा साहेब बोलवायचा. आपल्या बायकांच्या बैठकीत हा विषय कशाला?" प्रश्न रास्त आहे. पहिल्यांदा त्याचंच उत्तर देते.

आपलं नागपूर हे रस्त्यांवर जगणारं शहर आहे. झिरो माईलचा दगड इथे आहे. पूर्वीचे राष्ट्रीय महामार्ग ६ आणि ७, म्हणजे आताचे ५३ आणि ४४, इथे एकमेकांना छेदतात. वाडी, कापसी, पारडी, कामठी रोड, जिथे जाल तिथे गाड्या उभ्या दिसतात. आपल्या वस्त्यांमध्ये गल्लीगणिक एक-दोन घरं ड्रायव्हरची असतात. आपण या घरांमध्ये मारझोडीच्या तक्रारी घेऊन जातो, दारूच्या तक्रारी घेऊन जातो, पोरांच्या शाळेसाठी जातो. पण ज्या कामामुळे त्या घराची घडी अशी बसलेली असते, त्या कामाबद्दल आपण कधी विचारत नाही.

मी स्वतः याला अपवाद नाही, हे आधी कबूल करते. एम.एस.डब्ल्यू. करताना आमच्या अभ्यासात 'ट्रक ड्रायव्हर' हा शब्द यायचा तो एड्सच्या प्रकरणात. तो रोग घरी आणतो, म्हणून त्याच्याशी बोलायचं, त्याच्या बायकोची तपासणी करायची. ते काम गरजेचं होतंच. पण हा माणूस किती तास जागा असतो, त्याला गाडी कोणी शिकवली, तो कुठल्या रस्त्याने कुठे जातो हे कोण ठरवतं, हे प्रश्न आमच्या फॉर्मवर नव्हते.

माझे डोळे उघडले ते एका आईमुळे. तिचं नाव सांगत नाही. धुणीभांडी करणारी बाई. मुलगा बावीस वर्षांचा. हेवी लायसन्स मिळून काही महिने झालेले. जवळपास गाडी चालवत होता, आणि मग लांबच्या लाइनवर गेला. ही त्याची तिसरी खेप होती. बुटीबोरीहून माल भरायचा आणि कोलकात्याला खाली करायचा. ओडिशात, संबलपूरच्या पुढे, पहाटे चारच्या सुमाराला त्याला डुलकी लागली आणि गाडी उभ्या ट्रकवर आदळली. जीव वाचला, पण एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ती बाई माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "मॅडम, पोलिसांचा फोन आला. विचारत होते गाडी कोणाची, कुठून निघाली. मी काय सांगू? पोट्टा कलकत्त्याले जाऊन राहिला, एवढंच मले मालूम. गाडीचा लंबर नाही, मालकाचं नाव नाही." मालकाकडे गेलो तर तो म्हणाला, "हा पोरगा माझ्याकडे नोकरीला नव्हताच. माझा ड्रायव्हर आजारी पडला, त्यानं परस्पर बदली पाठवला." हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. काहीच नाही.

त्या रात्री आम्ही त्याच्या खेपेचा हिशेब कागदावर मांडला. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडते, कारण सगळा प्रश्न त्यात आहे.

नागपूर ते कोलकाता सुमारे ११०० किलोमीटर. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, रायपूर, मग ओडिशा, मग खरगपूर. भरलेल्या गाडीचा वेग घाट, गावं, टोल, गर्दी धरून सरासरी ताशी ३५ ते ४० पडतो. म्हणजे नुसतं स्टिअरिंगवर २८ ते ३१ तास. दिवसाला आठ तास चालवलं तर चार दिवस लागतात. पोरगा सोमवारी रात्री दहाला निघाला आणि त्याला सांगितलं होतं, बुधवारी रात्री माल पोचला पाहिजे. अठ्ठेचाळीस तास. त्यातले तीस स्टिअरिंगवर गेले तर उरले अठरा. या अठरा तासांत डिझेल, जेवण, आंघोळ, पंक्चर, शहराबाहेर नो एंट्रीत थांबणं आणि झोप. शिवाय सोमवारी सकाळपासून तो गोदामासमोर भरणीच्या रांगेत होता, म्हणजे निघतानाच त्याचा एक दिवस जागून झाला होता.

आता दुसरा कागद पाहा. मालाबरोबर ई-वे बिल असतं. २०२१ पासूनचा नियम असा आहे की दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मुदत मिळते. ११०० किलोमीटरला किती? सहा दिवस. म्हणजे सरकारच्या हिशेबाने त्या मालाला कोलकात्याला पोचायला सहा दिवस होते. आणि तो माल नेणाऱ्या पोराला दोन.

बायांनो, कागदाला सहा दिवस आणि पोराला दोन, हे कोणी ठरवलं? त्याने नाही. त्याच्या आईने नाही. व्यापाऱ्याने दलालाला सांगितलं, दलालाने मालकाला, मालकाने फोनवर नकाशा उघडून दाखवला की बघ, एवढे एवढे तास लागतात. फोनवरचा तो नकाशा बहुतेक वेळा मोटारीचा वेळ सांगतो. वीस-पंचवीस टन घेऊन जाणाऱ्या गाडीला तो लागू पडत नाही. पण नव्या पोराला उलट बोलता येत नाही. जुना ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, होणार नाही, शुक्रवार धरा." नवा म्हणतो, "हो शेठ."

गाडी शिकवली, रस्ता कोणी शिकवायचा?

पूर्वी पोरगा क्लिनर म्हणून गाडीवर चढायचा. उस्तादाच्या शिव्या खायचा, टायर ठोकायचा, काच पुसायचा, आणि चार-पाच वर्षांनी स्टिअरिंग हातात यायचं. ती पद्धत काही चांगली नव्हती. चौदा वर्षांची पोरं राबवली जायची, मार खायची. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या वर्षांत तो एक गोष्ट शिकायचा: कुठे थांबायचं, कुठला धाबा रात्री सुरक्षित आहे, कोणत्या उतारावर कोणता गिअर, पावसात कोणता पूल टाळायचा. आता अनेक मालक पैसे वाचवायला क्लिनर ठेवत नाहीत. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत असा नियम होता, तोही २०१८ मध्ये काढून टाकला. म्हणजे नवा पोरगा एकटा, आणि त्याला विचारायला कोणी नाही.

मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काय शिकतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे जड गाडीचं शिक्षण किमान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १५ तास. पुष्कळ ठिकाणी तेवढंही होत नाही, पण होतं असं धरू. पंधरा तास. कोलकात्याच्या एका खेपेत तो याच्या दुप्पट तास चालवतो. आणि त्या पंधरा तासांत आठ आकडा काढणं, मागे घेणं, चढावर सोडणं येतं. प्रवास कसा आखायचा, झोप कशी वाटायची, हे त्यात फारसं येतच नाही. २०१९ पर्यंत या लायसन्सला आठवी पासची अट होती, ती काढली. गरीब पोरांना दार उघडलं, हे बरंच झालं. पण मग त्यांना वाचता येईल, पाहून समजेल असं शिक्षण वाढवायला हवं होतं, ते राहिलं.

कामाच्या तासांचा कायदा नव्हता असंही नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तास सुट्टी असं लिहिलं होतं. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दहा तास. पण तो पाच किंवा जास्त कामगार ठेवणाऱ्यालाच लागू होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्यातून सुटायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा नव्या श्रम संहितेत मिसळला. आठ तास तिथेही आहेत, पण आता संख्या दहाची झाली. म्हणजे जास्तच गाड्या सुटणार. संघटनांनी या मुद्द्यावर बोललं पाहिजे, आणि फक्त युनियनवाल्या पुरुषांनी नाही.

आखणी म्हणजे काय

आखणी म्हणजे मोठी विद्या नाही. आपण लग्नाची आखणी करतो, तशीच. पोराला जे शिकवायला हवं ते थोडक्यात सांगते. घरी जाऊन तुमच्या भावाला, मुलाला, नवऱ्याला विचारा, यातलं त्याला कोणी सांगितलं होतं का.

पहिलं, माल. काट्याची पावती स्वतः पाहायची. ओव्हरलोड गाडीला ब्रेक उशिरा लागतो. अपघात झाला तर मालक घरी असतो आणि ड्रायव्हर ठाण्यात.

दुसरं, थांबे. निघण्यापूर्वीच ठरवायचं की कुठे जेवायचं, कुठे झोपायचं. चार तासांनी उतरायचंच. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ शरीराची झोपेची असते, त्या वेळेत नव्या माणसाने गाडी चालवूच नये. जागं राहायला खर्रा, गोळ्या, डोडा घेतात. त्याने झोप जात नाही, फक्त कळत नाही की ती आली आहे.

तिसरं, पोचायची वेळ. मोठ्या शहरांत दिवसा जड गाडीला नो एंट्री असते. सकाळी आठला पोचलेला माणूस रात्रीपर्यंत बाहेर उन्हात बसतो. तोच जर रात्री आरामात झोपून संध्याकाळी पोचला तर काही बिघडत नाही. जागरण करून मिळवलेले तास असे वाया जातात, हे नव्या पोराला ठाऊक नसतं.

चौथं, ऋतू आणि रस्ता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. झिजलेला टायर तापलेल्या रस्त्यावर फुटतो. थंडीत उत्तरेकडे धुकं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सरळ रस्ता, वळण नाही, गाव नाही, आणि तिथेच डोळा लागतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस जळाली आणि पंचवीस माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. चांगला रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, असं नव्या पोराला वाटतं. त्याला तसं वाटू देऊ नका.

पाचवं, अपघात झाला तर काय करायचं. जखमीला मदत आणि पोलिसांना खबर, हे कायद्याने ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. पण जमाव मारेल म्हणून पोरं पळतात. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पण शिक्षा किती यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी 'पळू नये म्हणून त्याला काय शिकवलं' यावर झाली नाही. जवळच्या टोलनाक्यावर किंवा ठाण्यात जाऊन हजर व्हायचं, हे एक वाक्य कोणी सांगत नाही.

बाई चालवते तेव्हा

मैत्रिणींनो, आखणीचं महत्त्व सर्वांत जास्त कोणाला कळतं माहीत आहे? गाडी चालवणाऱ्या बाईला. योगिता रघुवंशी या मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, राहतात भोपाळला. वकिलीची पदवी घेतलेली बाई. २००३ मध्ये नवरा अपघातात गेला, दोन मुलं पदरात, तेव्हा त्या या धंद्यात उतरल्या आणि पुढे स्वतः ट्रक चालवू लागल्या. एसटीमध्ये २०२३ साली अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर बस चालवली, तेव्हा एसटीची पहिली महिला चालक म्हणून त्यांचं नाव सगळीकडे आलं.

बाईला रस्त्यावर कुठेही थांबता येत नाही. संडास कुठे आहे, उजेड कुठे आहे, रात्री गाडी कुठे लावायची, हे तिला निघण्याआधी ठरवावंच लागतं. पुरुषाला वाटतं आपलं कुठेही भागतं. म्हणून तो आखत नाही आणि म्हणूनच त्याच्यासाठी कोणी सोयही करत नाही. मी म्हणते, महामार्गावर बाईला थांबता येईल अशी जागा केली तर तिथे तो बावीस वर्षांचा पोरगाही झोपू शकेल. आपली मागणी आणि त्याची मागणी वेगळी नाही.

खेपेचा कागद

त्या आईचं पुढे काय झालं ते सांगते. पोराने निघताना गाडीसमोर उभं राहून फोटो काढला होता आणि बहिणीला पाठवला होता. त्यात नंबरप्लेट दिसत होती. त्या एका फोटोवरून गाडी, विमा आणि मालक सापडले. कामावर असताना जखमी झालेल्या ड्रायव्हरला भरपाईचा हक्क आहे, पण तो कामावर होता हे दाखवावं लागतं. दावा दाखल झाला, अजून चालू आहे. पोरगा सध्या एका दुकानात बसतो. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही.

पण आमच्या गटातल्या बायकांनी यातून एक गोष्ट काढली. वहीचं एक पान. त्यावर गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि फोन, माल कुठून कुठे, बिल्टी आणि ई-वे बिलाचा नंबर, विम्याची तारीख, निघायची वेळ, रात्रीचे मुक्काम आणि पोचायची वेळ. पान घरी राहतं. ज्याला लिहिता येत नाही तो कागदांचे फोटो पाठवतो. बस.

सुरुवातीला पुरुष चिडले. "बायको काय मॅनेजर झाली का?" एका नवऱ्याने बायकोला मारलंही, की तू माझ्यावर पाळत ठेवते. त्या घरी आम्हाला तीनदा जावं लागलं. आणि आमचीही एक चूक झाली. कागद आल्यावर काहीजणी तासातासाला फोन करू लागल्या, "कुठे पोचले?" चालत्या गाडीत फोन उचलणं म्हणजे अपघाताला बोलावणं. मग आम्ही ठरवलं की मुक्कामाला पोचल्यावर तो फोन करेल, घरून कोणी करायचा नाही. न आला तर मालकाला विचारायचं. म्हणजे पाळत नवऱ्यावर नाही, वेळ ठरवणाऱ्यावर.

आणि एक बदल मला अपेक्षित नव्हता. मुक्काम लिहायला बसल्यावर पोरं स्वतःच म्हणू लागली, "हे तर बसतच नाही. दोन दिवसांत कसं होईल?" एकाने ते पान मालकाला दाखवलं आणि एक दिवस वाढवून मागितला. मिळाला. दुसऱ्याने मागितला तर त्याची खेपच गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकट्याने मागितलं तर कधी दिवस मिळतो, कधी काम जातं. म्हणून हे गटाने करायचं काम आहे.

मालक म्हणजे राक्षस आहे असं मी म्हणत नाही. आपल्या वस्तीतले मालक स्वतः एका गाडीचे हप्ते फेडतात. भाडं पडलेलं, डिझेल महाग. घाई वरून येते, माल पाठवणाऱ्या कारखान्यातून आणि व्यापाऱ्याकडून. तो दहा तास गाडी भरणीसाठी उभी ठेवतो आणि ते दहा तास ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल करतो. ती झोप घरी येते तेव्हा आपल्या वाट्याला येते. दोन दिवसांसाठी घरी आलेला माणूस एक दिवस झोपतो आणि एक दिवस भांडतो. म्हणून म्हटलं, हा आपल्या बैठकीचा विषय आहे.

शेवटी काय मागायचं, ते चार ओळीत सांगते.

हेवी लायसन्सच्या शिक्षणात प्रवासाच्या आखणीचे आणि झोपेचे धडे असावेत, आणि पहिल्या काही लांब खेपांना अनुभवी ड्रायव्हर सोबत असावा. गाडी एक असो की दहा, कामाचे तास सगळ्यांना लागू असावेत. मालाच्या कागदावर जशी मुदत असते, तशी ड्रायव्हरच्या विश्रांतीची वेळही बिल्टीवर लिहिली जावी. आणि महामार्गावर, तसंच बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांच्या दाराशी, संडास, पाणी आणि सावली असावी, बाईला वापरता येईल अशी.

या मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. वहीचं पान मात्र आजच करता येतं. इथे बसलेल्या ज्यांच्या घरातलं माणूस आत्ता लाइनवर आहे, त्यांनी हात वर करा. आता मला सांगा, यातल्या कितीजणींना त्याच्या गाडीचा नंबर पाठ आहे?

हात खाली गेले. मैत्रिणींनो, आपलं काम इथून सुरू होतं.